सहीच्या फ्रेमला पुन्हा पुन्हा येणारी पांढरी कड: कारणं आणि उपाय

पांढऱ्या पानावर सही-इमेजची, म्हणजे ईमेलसारख्या मजकुराखाली सही म्हणून लावायच्या नाव-फोटोच्या इमेजची, फ्रेम देखणी दिसते. सोनेरी महिरप, आत फोटो, खाली वळणदार अक्षरांत नाव. सगळं जागच्या जागी. तीच इमेज गडद रंगावर टाकली की नक्षीच्या कडेकडेने पांढरट दोरा फिरलेला दिसतो. मग खोडरबर घेऊन तो पुसायचा, पुन्हा सेव्ह करायचं आणि सुटलो म्हणायचं. पुढच्या वेळी फोटो बदलायला फाइल उघडली की दोरा परत हजर.

सही-इमेज बनवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष परत येतो, कारण तो जिथे तयार होतो तिथे कोणी हात लावत नाही. मलमपट्टी होते ती शेवटी एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर. शिवाय कड एकाच कारणाने येते असंही नाही. फ्रेम कापताना, फोटो बसवताना, आकार बदलताना आणि सेव्ह करताना, अशा चार जागी ती तयार होऊ शकते, आणि एका जागेचा उपाय दुसऱ्या जागी लागू पडत नाही. म्हणून आधी कड कुठली ते ओळखायचं.

खाली गिंप आणि फोटोशॉप या इमेजवर काम करायच्या दोन्ही सॉफ्टवेअरमधल्या मेनूंची नावं दिली आहेत. लेयर (एकावर एक ठेवलेले इमेजचे थर) असलेलं दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावं वेगळी असतील, काम तेच.

कड कुठली ते ओळखा

मूळ फाइल उघडा, म्हणजे सगळे लेयर शाबूत असलेली गिंपची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी. सगळ्यात खाली एक नवा लेयर घाला आणि तो भडक राणी रंगाने भरा. राणीच का, तर नक्षीत तो सहसा नसतो, त्यामुळे जे काही उपरं आहे ते लगेच उठून दिसतं. पारदर्शक भाग दाखवणाऱ्या राखाडी-पांढऱ्या चौकटींवर विसंबू नका. फिकट कड त्या चौकटींत बेमालूम मिसळते आणि फाइल स्वच्छ आहे असं वाटत राहतं. राणीनंतर तोच लेयर काळा करून बघा, मग पांढरा. झूम ४०० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याहून जास्त केलं तर नुसते चौकोन दिसतात आणि कडेचा अंदाज जातो.

दोरा फ्रेमच्या बाहेरच्या कडेला किंवा नक्षीच्या भोकांत असेल तर घोळ फ्रेम कापतानाच झालाय. फ्रेम आणि फोटो यांच्या मध्ये केसाएवढी राणी रेघ दिसत असेल तर कापणी ठीक आहे, मांडणी चुकलीय. मूळ फाइल तिन्ही रंगांवर स्वच्छ दिसते पण एक्स्पोर्ट केलेल्या इमेजला कड येते, असं असेल तर आकार किंवा फॉरमॅटकडे बघायचं. ही तपासणी दोन मिनिटांत होते, पण ती सोडून बहुतेक जण थेट खोडरबर उचलतात.

कडेच्या पिक्सेलमध्ये काय दडलेलं असतं

गोल किंवा तिरकी कड पडद्यावर गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर कडेवरचे पिक्सेल मिश्र रंगाचे करतं: थोडा फ्रेमचा रंग, थोडा मागचा. समजा फ्रेमचा सोनेरी आहे लाल १८०, हिरवा १३०, निळा ४० (प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये मोजतात). मागे पांढरा, म्हणजे तिन्ही आकडे २५५. कडेवरच्या ज्या पिक्सेलचा अर्धाच भाग फ्रेमखाली येतो, त्याचा रंग होतो साधारण २१८, १९३, १४८. दुधाळ, फिकट सोनेरी. पांढऱ्यावर हे डोळ्यांना जाणवतही नाही, उलट कड मऊ वाटते.

आता मॅजिक वँडने (सारख्या रंगाचे पिक्सेल एकदम निवडणारं साधन) पांढरा भाग उचलून डिलीट केला. निव्वळ पांढरे पिक्सेल गेले. पण हा दुधाळ पिक्सेल पांढऱ्यात मोडत नाही, म्हणून तो मागे राहिला, आणि राहिला तोही पूर्ण अपारदर्शक. ही फ्रेम गडद निळ्यावर ठेवली, तो निळा समजा २०, २५, ५०, तर त्या जागी खरं म्हणजे १००, ७८, ४५ असा काळपट तपकिरी रंग यायला हवा होता. तिथे २१८, १९३, १४८ ठाण मांडून बसलाय. असे शेकडो पिक्सेल ओळीने आले की तयार झाला दोरा.

खोडरबराने हा पिक्सेल पुसला तर कड करवतीसारखी दातेरी होते, कारण मऊपणा देणारा पिक्सेलच गेला. फेदर (निवडीची कड पुसट करणं) लावला तर तो दुधाळ रंग अर्धपारदर्शक होऊन आणखी पसरतो. दोऱ्याच्या जागी धुकं येतं. यातलं काहीच नको. त्या पिक्सेलमधला पांढऱ्याचा वाटा तेवढा काढून त्याची पारदर्शकता करायची, आणि सोनेरीचा वाटा होता तसा ठेवायचा. हे काम करणारी साधनं दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहेत, फक्त ती मेनूच्या आतल्या खोलीत असतात.

फ्रेम कापतानाचा उपाय

गिंपमध्ये कलर टू अल्फा नेमकं हेच करतं. पण ते सरसकट लावलं तर सोन्यावरची चमक, मोत्यांचे पांढरे ठिपके, सगळंच अर्धपारदर्शक होऊन बसतं. म्हणून ते फक्त कडेपुरतं लावायचं. फ्रेमच्या लेयरला आधी अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची माहिती साठवणारा भाग) जोडा. फझी सिलेक्टने (गिंपचा मॅजिक वँड) बाहेरचा पांढरा भाग उचला, मग सिलेक्ट मेनूतून ग्रो करून सिलेक्शन २ पिक्सेल आत सरकवा, म्हणजे मिश्र पिक्सेल सिलेक्शनमध्ये येतात. आता कलर्स मेनूतून कलर टू अल्फा, रंग पांढरा.

इथे एक अडचण येते. सिलेक्शन आत सरकवल्यामुळे कडेलगतचे थोडे शुद्ध सोनेरी पिक्सेलही सापडतात, आणि तेही किंचित पारदर्शक होतात, कारण साधनाच्या हिशेबात सोनेरीतही थोडा पांढरा असतोच. २.१० आणि त्यानंतरच्या गिंपमध्ये यावर ओपॅसिटी थ्रेशोल्ड नावाची पट्टी आहे. ती किती खाली आणायची याचा अंदाज आकड्यांवरून काढता येतो. सोनेरीतला सगळ्यात लहान आकडा ४०. २५५ मधून ४० गेले, उरले २१५. २१५ ला २५५ ने भागलं की ०.८४. पट्टी तिथे आणली की शुद्ध सोनेरी पूर्ण अपारदर्शक राहतो, आणि २१८-१९३-१४८ वाला आपला दुधाळ पिक्सेल जवळपास मूळ सोनेरी होऊन निम्मा पारदर्शक होतो. जे हवं होतं तेच. नक्षीत सोन्याच्या दोन-चार छटा असतील तर त्यातल्या फिकट छटेचा आकडा धरून सुरुवात करा आणि शेवटी राणी लेयरवर डोळ्याने ठरवा.

फोटोशॉपमध्ये लेयर मेनूच्या तळाशी मॅटिंग आहे. पांढऱ्यावरून कापलेल्या फ्रेमला रिमूव्ह व्हाइट मॅट, काळ्यावरून कापलेल्या फ्रेमला रिमूव्ह ब्लॅक मॅट. तिसरा पर्याय डीफ्रिंज. तो कडेच्या पिक्सेलचा रंग बदलून आतल्या बाजूच्या पिक्सेलचा रंग तिथे आणतो. रुंदी १ पिक्सेल पुरते. बारीक जाळीच्या नक्षीला मी डीफ्रिंजच लावतो, कारण मॅटवाले दोन्ही पर्याय फिकट सोन्यावर जरा जास्तच हात मारतात. मात्र हे आदेश लेयरच्या पिक्सेलवर चालतात. फ्रेम मास्कने (पिक्सेल न पुसता नको तो भाग नुसता झाकून) कापली असेल तर आधी लेयरची प्रत काढा, प्रतीवर मास्क अप्लाय करा, आणि मग डीफ्रिंज. मास्क तसाच हवा असेल तर सिलेक्ट अँड मास्कमध्ये डीकंटॅमिनेट कलर्स आहे, तोही बरा.

जाळीची भोकं हा वेगळाच छळ. मॅजिक वँडची कंटिग्युअस खूण चालू असली की तो फक्त लागून असलेला पांढरा उचलतो. नक्षीच्या आतली बंद भोकं पांढरीच राहतात. खूण काढली की भोकं येतात, पण फ्रेमवरची पांढरी चमकही येते. अशा वेळी खूण काढूनच उचला आणि मग चमकेचा भाग लॅसोने सिलेक्शनमधून वजा करा. भोकं एकेक करून शिफ्ट दाबत उचलत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

मूळ फ्रेमच वाईट असेल तर

जेपीजी फ्रेम घेतली असेल तर वरचं सगळं अर्धवटच लागू पडतं. जेपीजी इमेजचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करून दाबतं, त्यामुळे गडद कडेलगतच्या पांढऱ्यात बारीक कचरा पडतो. पांढरा २५५ राहत नाही, कुठे २५०, कुठे २४५ असा होतो. शिवाय बहुतेक जेपीजीत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाव्याने साठवलेली असते, म्हणून लाल आणि सोनेरी कडेबाहेर एक-दोन पिक्सेल सांडतात. वँडचा टॉलरन्स (किती वेगळा रंग सारखा धरायचा ते माप) वाढवला की कचरा जातो, पण फिकट नक्षीही सोबत जाते. फोटोशॉपमध्ये तो मुळात ३२ असतो आणि गिंपचा थ्रेशोल्ड १५; जेपीजीसाठी यात थोडी वर-खाली करून बघावी, पण मर्यादेत. मग सिलेक्शन २ पिक्सेल आत घेऊन कापा आणि फ्रेम तेवढी बारीक झाली हे मान्य करा.

आणखी एक हमखास सापडणारा प्रकार: पारदर्शक म्हणून उतरवून घेतलेली फ्रेम, जिच्यात राखाडी-पांढऱ्या चौकटी खरोखरच रंगवलेल्या असतात. फाइलला नाव पीएनजी असलं तरी आत अल्फा नसतोच. ओळखायची खूण सोपी आहे, राणी लेयर खाली घातला तरी चौकटी हलत नाहीत. अशा फ्रेमच्या मागे लागू नका. दोन रंगांच्या चौकटी काढून मधली जाळी सोडवायला जेवढा वेळ जातो, तेवढ्या वेळात नवी फ्रेम काढून होते.

नवी फ्रेम काढणं वाटतं तेवढं अवघड नाही. गोल कोपऱ्यांचा आयत, त्यातून आतला आयत वजा, वर सोनेरी ग्रेडियंट (छटांचा उतार) आणि बेव्हल (उठावाचा आभास). फोटोशॉपमध्ये स्ट्रोकने (आकाराच्या कडेला ओढलेली रेघ) काम भागवायचं असेल तर एक लक्षात ठेवा: स्ट्रोक आउटसाइड ठेवला की चौकोनी कोपरेही गोलसर होतात, इनसाइड ठेवला की ते टोकदार राहतात. कोपरे का बिघडले म्हणून लोक उगाच आकाराशी झटत बसतात. एका कोपऱ्याची नक्षी काढून तिन्हीकडे फिरवून लावणार असाल तर बेव्हल आणि सावली शेवटी, चारही कोपरे एकत्र झाल्यावर द्या. आधी दिली तर प्रत्येक कोपऱ्यावर उजेड वेगळ्याच दिशेने येतो. तो दोष पटकन कळत नाही, पण फ्रेम कुठेतरी खोटी वाटत राहते.

फ्रेम आणि फोटो यांच्यामधली रेघ

हा दोष नीटनेटकं काम करणाऱ्यांनाच जास्त होतो. फोटो फ्रेमच्या आतल्या कडेला तंतोतंत जुळेल असा कापलेला असतो, आणि तिथेच घात होतो. दोन्ही कडा मऊ असतात. एकाच पिक्सेलमध्ये फोटो निम्मा अपारदर्शक आणि त्याच्यावर फ्रेम निम्मी अपारदर्शक, तर आपल्याला वाटतं बेरीज १००. तसं होत नाही. फ्रेम निम्मी जागा झाकते, उरलेल्या निम्म्यापैकी निम्मी फोटो झाकतो. एकूण ७५ टक्के. बाकीच्या २५ टक्क्यांतून मागचा रंग डोकावतो. तीच ती केसाएवढी रेघ.

उपाय साधा आहे: फोटो कापूच नका. तो फ्रेमच्या लेयरखाली ठेवा आणि चारही बाजूंनी ३-४ पिक्सेल फ्रेमच्या पट्टीखाली जाऊ द्या. अंडाकृती किंवा महिरपी फ्रेम असेल तर आतली पोकळी सिलेक्ट करा, सिलेक्शन ३ पिक्सेल बाहेर वाढवा आणि त्या सिलेक्शनचा मास्क फोटोला लावा. फोटो बदलायचा झाला तरी मास्क तोच चालतो, फक्त आतला फोटो बदलायचा. फ्रेमची पट्टीच ३ पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर १ पिक्सेल वाढ पुरे; जास्त वाढवली तर फोटो बाहेरून डोकावेल.

आकार कमी करताना

मोठ्या आकारात केलेली फ्रेम कमी करताना कड परत येते ती तीन वाटांनी.

पहिली वाट, पुन्हा पुन्हा लहान-मोठं करणं. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतं आणि कडेवर नवे मिश्र पिक्सेल तयार होतात. आकार एकदाच, शेवटी, प्रतीवर बदला. फोटोशॉपमध्ये फ्रेम स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवली की कितीही वेळा ओढली तरी मूळ शाबूत राहते.

दुसरी वाट कमी जणांना माहीत असते. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो. पीएनजीमध्ये अल्फा शून्य असला तरी लाल-हिरवा-निळा यांचे आकडे तिथे साठवता येतात, आणि पांढऱ्यावरून कापलेल्या फ्रेमच्या आजूबाजूला ते २५५ असू शकतात. चांगली सॉफ्टवेअर आकार बदलताना अल्फाचा हिशेब धरतात. काही साधी अ‍ॅप्स धरत नाहीत. ती त्या अदृश्य पांढऱ्याचीही सरासरी घेतात, आणि स्वच्छ कापलेल्या फ्रेमला पांढरी कड येते. गिंपच्या पीएनजी एक्स्पोर्टमध्ये पारदर्शक पिक्सेलचा रंग ठेवण्याची खूण असते. ती काढून ठेवा, आणि मुख्य म्हणजे इमेज जिथे लावायची त्याच आकारात एक्स्पोर्ट करा, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती लहान करायची वेळ येत नाही. याला अपवाद एकच, दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठी दुप्पट मापाची इमेज. ६०० पिक्सेल रुंद दिसायची असेल तर १२०० ची करतात. तिथे कड आणखी काळजीने तपासा.

तिसरी वाट म्हणजे बारीक रेघा. फ्रेमच्या आतली १ पिक्सेलची रेघ अर्ध्या पिक्सेलवर सरकली की ती २ पिक्सेलची आणि निम्म्या रंगाची होते. ती पांढरी कड नसते, पण दिसते तशीच. स्ट्रोक सेंटरला ठेवून विषम जाडी दिली की हे हमखास होतं. जाडी २ करा किंवा स्ट्रोक इनसाइडला घ्या.

सावली कापल्यासारखी दिसणं हाही याच सुमाराचा दोष. गिंपमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते, पिवळ्या-काळ्या तुटक रेषेने दाखवलेली. सावली त्या हद्दीपाशी सपकन संपते. लेयर मेनूतून लेयर टू इमेज साइझ करा, आणि कॅनव्हासलाच जागा कमी असेल तर आधी तो वाढवा.

सेव्ह करताना

जेपीजीत पारदर्शकता नसते, त्यामुळे तिथे कडेचा प्रश्न वेगळा: मागे पांढरा किंवा काळा भरला जातो. फ्रेम चौकोनी असेल आणि चारही कोपरे भरलेले असतील तर जेपीजी चालतं. बाकी सगळ्याला पीएनजी. फोटोशॉपच्या जुन्या सेव्ह फॉर वेब खिडकीत पीएनजी-२४ निवडून ट्रान्सपरन्सीची खूण करा. पीएनजी-८ घेतलं की तिथे पारदर्शकता जिफसारखीच होते. चॅट अ‍ॅपवरून पाठवताना फोटो म्हणून पाठवलं की बहुधा त्याचं जेपीजी होतं आणि अल्फा उडतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चमचमणारी अक्षरं किंवा लुकलुकणारे तारे हवेत म्हणून जिफ करणारे पुष्कळ आहेत, आणि कडेच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. जिफ १९८७ चं, आणि त्यात पारदर्शकता आली ती १९८९ च्या आवृत्तीत. त्यात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि त्यातला एक पारदर्शक ठरवता येतो. पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो, नाही तर अजिबात दिसत नाही. मधलं काही नाही. म्हणजे मऊ कडेचा प्रत्येक अर्धपारदर्शक पिक्सेल एक्स्पोर्ट करताना कुठल्या तरी एका रंगात मिसळावा लागतो. सॉफ्टवेअरने तो पांढऱ्यात मिसळला की दोरा तयार, मग मूळ फाइल कितीही स्वच्छ असो. मूळ फाइलमध्ये हा दोष कधीच सापडत नाही, म्हणून माणूस वैतागतो.

त्यावर उपाय हा की इमेज ज्या रंगावर बसणार आहे तो रंग आधीच सांगायचा. फोटोशॉपच्या सेव्ह फॉर वेबमध्ये मॅटला तो रंग द्या. गिंपमध्ये बॅकग्राउंडचा रंग तो ठेवून लेयर मेनूतल्या ट्रान्सपरन्सीमधून सेमी-फ्लॅटन चालवा, आणि मगच इंडेक्स्ड, म्हणजे मोजक्या रंगांच्या, मोडमध्ये जा. त्या एका रंगावर कड सुरेख बसेल. दुसऱ्या रंगावर मात्र बसणार नाही, त्याला इलाज नाही. कुठल्या रंगावर बसणार हे ठाऊक नसेल तर थ्रेशोल्ड अल्फाने कड सरळ कडक करून टाका. थोडी दातेरी होईल, पण दोरा दिसण्यापेक्षा ती बरी. मऊ सावली आणि जिफ ही जोडी तर जमवूच नका. हलती इमेज हवीच असेल आणि जिथे लावायची तिथे चालत असेल तर हलतं वेबपी किंवा एपीएनजी (हलतं पीएनजी) करा. त्यांत अल्फा पूर्ण मिळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पुढच्या वेळी बदल करायला हे एक्स्पोर्ट केलेलं जिफ उघडू नका. त्यातली मऊ कड मेलेली असते, ती परत आणता येत नाही. दरवेळी मूळ एक्ससीएफ किंवा पीएसडी उघडा, तिथे फोटो बदला, नवं एक्स्पोर्ट करा. गिंपने २.८ पासून सेव्ह आणि एक्स्पोर्ट हे आदेश वेगळे केले, तेव्हा पुष्कळांनी नाक मुरडलं होतं. पण या कामासाठी ती सोयच आहे. राणी लेयरही मूळ फाइलमध्ये तसाच ठेवा, त्याच्या शेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करून.

नावाच्या अक्षरांची कड

मराठी नावाला कड येण्याआधी अक्षरंच मोडतात, ते आधी बघू. जोडाक्षर सुटून पायमोडकं दिसत असेल, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर पडत असेल, रफार भलत्या अक्षरावर जात असेल, तर दोष फाँटचा नसून मजकूर मांडणाऱ्या इंजिनाचा आहे. गिंपमध्ये हे सहसा नीट येतं. फोटोशॉपमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी मांडणी निवडा. जुन्या आवृत्तीत आधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन हा पर्याय चालू करावा लागतो, मग फाइल नव्याने उघडा. जुना नॉन-युनिकोड फाँट असेल तर प्रश्नच वेगळा. त्यात टाइप केलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर कचरा होऊन दिसतं. मुक्ता, बालू, कलम, यात्रा वन असे मोफत युनिकोड फाँट आहेत, त्यातला एखादा घ्या.

अक्षरांतलं अंतर वाढवू नका. रोमन अक्षरांना ते शोभतं. आपली शिरोरेषा तुटते, आणि त्या फटीतून मागचा रंग दिसतो. तीही पुष्कळांना पांढरी कड वाटते. नाव रुंद हवं असेल तर फाँट मोठा करा किंवा रुंद वळणाचा घ्या.

अक्षरांना सोनेरी काठ देताना फोटोशॉपच्या लेयर स्टाइलमधला स्ट्रोक चांगला, कारण तो सगळ्या शब्दाच्या बाहेरच्या कडेला लागतो. इंकस्केपसारख्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये मात्र काठ प्रत्येक अक्षराला सुटा लागतो, आणि शिरोरेषेवर दर अक्षराच्या सांध्याला उभी रेघ उमटते. तिथे मजकूर पाथमध्ये बदला, ग्रुप सोडा, सगळे तुकडे युनियनने एक करा आणि मग काठ द्या. स्ट्रोक जाड केला की ष, क्ष, भ यांची पोटं बुजतात. नाव वाचता येत नसेल तर काठ कशाला?

अक्षराच्या मागची पांढरट कड बहुधा मजकूर रास्टर करून (पिक्सेलांत बदलून) मग हलवल्याने किंवा पांढऱ्या लेयरशी मर्ज केल्याने येते. मजकूर शेवटपर्यंत मजकूरच ठेवा. आणि फ्रेममध्ये नाव मध्यावर बसवताना सॉफ्टवेअरच्या मध्य-रेषेवर जाऊ नका. ‘मूर्ती’सारख्या शब्दात वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार, सॉफ्टवेअर त्या सगळ्याची चौकट धरतं आणि शब्द खाली किंवा वर सरकल्यासारखा दिसतो. शिरोरेषा ते अक्षराचा पाया एवढाच भाग डोळ्याने मध्यावर आणा.

कागदावरची सही फ्रेममध्ये घालताना

शाईची सही फोटो काढून घालायची असेल तर वँड वापरूच नका. शाईची कड इतकी मऊ असते की तो प्रत्येक फटकाऱ्याभोवती कागद सोडतो. आधी लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार जुळवायचं साधन) कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत पांढऱ्याची खूण सरकवा, मग गिंपमध्ये सगळ्या लेयरला कलर टू अल्फा. इथे सरसकट चालतं, कारण शाई एकाच रंगाची असते. फोटोशॉपमध्ये फिकट पार्श्वभूमीवर सही नुसती मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवली तरी कागद नाहीसा होतो. गडद पार्श्वभूमीवर मल्टिप्लाय उपयोगाचा नाही, शाईही अंधारात जाते. शाई पांढरी किंवा सोनेरी हवी असेल तर कागद काढून झाल्यावर लेयरचा अल्फा लॉक करून वर रंग भरा; अल्फा स्वच्छ असेल तर कडेला जुन्या शाईचा मागमूस राहत नाही.

बँकेत किंवा कागदपत्रांवर जी सही करता ती मात्र इथे घालू नका. पारदर्शक पीएनजी सही म्हणजे कुणालाही कुठल्याही कागदावर चिकटवता येणारी सही. सजावटीसाठी वेगळं, मोठ्या वळणाचं नाव लिहा. दिसायलाही ते जास्त चांगलं दिसतं.

ईमेलच्या सहीत लावणार असाल तर

वाचणाऱ्याने डार्क मोड चालू ठेवला असेल तर पारदर्शक पीएनजीमागे काळा येतो. फ्रेमची कड स्वच्छ असली तरी काळ्या किंवा गडद निळ्या अक्षरांतलं नाव गायब होतं. अशा इमेजच्या मागे, फ्रेमच्या पट्टीखालपर्यंत जाणारा फिकट पट्टा एका लेयरवर भरा आणि त्याचीही कड फ्रेमच्या बाहेरच्या रेषेच्या ३ पिक्सेल आतच संपवा, बाहेर डोकावू देऊ नका. एक्स्पोर्ट झाल्यावर स्वतःलाच दोन ईमेल पाठवा, एक डार्क मोडमध्ये उघडा, एक साध्यात. दोन्हीकडे नाव वाचता आलं की फाइल पुढे द्या.